शाळेतील विद्यार्थी मंडळ: सुरुवातीपासून सोपवणुकीपर्यंत

माध्यमिक शाळेत एखादे विद्यार्थी मंडळ सुरू करणे फारसे अवघड नसते. चार उत्साही विद्यार्थी, होकार देणारे एक शिक्षक आणि सूचनाफलकावर लावलेला एक कागद एवढ्यावर ते सुरू होते. तेच मंडळ तिसऱ्या वर्षीही चालू असणे मात्र अवघड असते. मार्गदर्शक शिक्षक म्हणून माझ्या सुरुवातीच्या काळात मी एक विज्ञान मंडळ उभे राहताना पाहिले आणि दोन वर्षांत ते बंद पडतानाही पाहिले. त्या मंडळाचे काम उत्तम होते, परंतु ते सारे एका विद्यार्थिनीच्या डोक्यात, तिच्या वहीत आणि तिच्या ओळखींत साठलेले होते. ती शाळा सोडून पुढच्या शिक्षणाला गेली, तेव्हा साहित्याच्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हेही कोणाला सांगता येईना. मी ते वेळीच ओळखायला हवे होते. त्यानंतर जी जी मंडळे माझ्या देखरेखीखाली चालली, त्यांच्या पहिल्याच बैठकीत मी शेवटच्या बैठकीचा विचार करत आलो आहे, आणि पुढे जे लिहिले आहे ते त्याच क्रमाने वाचावे अशी विनंती आहे.

विषय निवडताना

मंडळाचे नाव नामाने सांगता येते, पण मंडळ चालते ते क्रियापदावर. ‘पर्यावरण मंडळ’ हे नाव ऐकून मुले जमतील. मात्र जमल्यावर त्यांनी नेमके काय करायचे, याचे उत्तर त्या नावात नाही. याउलट ‘शाळेच्या आवारातील पक्षी दर आठवड्याला मोजणे आणि नोंदवणे’ असे म्हटले की पहिल्या बैठकीचे, दहाव्या बैठकीचे आणि पुढच्या वर्षाच्या बैठकीचेही काम ठरून जाते. म्हणून मंडळाची कल्पना घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी एकच प्रश्न विचारतो: बैठकीत मुलांचे हात काय करत असतील? उत्तर ‘चर्चा करतील’ किंवा ‘माहिती देतील’ असे आले, तर कल्पना अजून कच्ची आहे असे समजावे आणि तिला आणखी आठवडाभर वेळ द्यावा.

क्रियापद सापडले की बाहेरच्या जगातील मोठ्या कामांशी जोडून घेण्याची वाटही सापडते, आणि मुलांच्या दृष्टीने याचे मोल फार आहे. ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ हा पक्षीगणनेचा उपक्रम १९९८ साली सुरू झाला आणि २०१३ पासून तो जगभर चालतो. दरवर्षी फेब्रुवारीतील चार दिवसांत कोणीही एका ठिकाणी किमान १५ मिनिटे थांबून दिसलेले पक्षी मोजायचे आणि नोंद पाठवायची, एवढेच त्यात अपेक्षित असते. ‘ग्लोब ॲट नाइट’ या २००६ पासून चालणाऱ्या उपक्रमात ठरावीक तारकासमूहातील किती फिके तारे डोळ्यांनी दिसतात हे पाहून आकाशातील प्रकाशप्रदूषणाचा अंदाज नोंदवला जातो. त्यासाठी दुर्बिणीचीही गरज लागत नाही. आपण पाठवलेली नोंद खऱ्या अभ्यासकांच्या कामी येते हे कळले की चौदा वर्षांच्या मुलाची नोंद ठेवण्याची पद्धतच बदलते. तो वेळ लिहितो, ढग लिहितो, खात्री नसेल तर तेही लिहितो.

किती मुलांना रस आहे हे पाहण्यासाठी ‘तुम्हाला आवडेल का’ असे विचारू नये, कारण त्याला बहुतेक सारेच होकार देतात. ‘पुढचे चार बुधवार शाळा सुटल्यावर एक तास थांबाल का’ असे विचारावे. पन्नास होकारांचे दहा होतील, पण ते दहा खरे असतील. पाच-सहा नियमित सभासदांवर मंडळ व्यवस्थित चालते. त्यासाठी तीस नावांची यादी जमेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. पहिल्या चार बैठका प्रायोगिक आहेत असे आधीच जाहीर केले, तर एखादी कल्पना न जमल्यास ती कोणाच्याही मानापमानाशिवाय सोडून देता येते.

परवानगी आणि मार्गदर्शक शिक्षक

मुख्याध्यापकांकडे जाताना एक पानी अर्ज न्यावा आणि तो विद्यार्थ्यांनीच लिहिलेला असावा. मंडळाचा हेतू दोन वाक्यांत, वार आणि वेळ, जागा, अपेक्षित संख्या, उपस्थित राहणाऱ्या शिक्षकांचे नाव, लागणारे साहित्य आणि बैठक संपल्यावर मुले घरी कशी जातील याची व्यवस्था, एवढे त्यात असले की पुरते. यातील शेवटचा मुद्दा विद्यार्थी हमखास विसरतात आणि मुख्याध्यापक सर्वांत आधी तोच विचारतात. शाळा सुटल्यानंतरच्या वेळेत प्रत्येक मुलाची जबाबदारी शाळेवर असते, हे ध्यानात घेतले तर त्या प्रश्नामागील काळजी समजते.

मार्गदर्शक शिक्षक त्या विषयातील तज्ज्ञ असलेच पाहिजेत असे नाही. मला स्वतःला बुद्धिबळ जेमतेम येते, तरी बुद्धिबळ मंडळ चालवण्यात त्यामुळे अडचण आली नाही. उलट शिकवण्याचे काम मुलांनी आपसांत वाटून घेतले. शिक्षकांकडून तीन गोष्टींची अपेक्षा असते: ठरलेल्या वेळी उपस्थित असणे, शाळेच्या कार्यालयाशी मंडळाचा दुवा राखणे आणि मुलांना चुकण्यास जागा देणे. यातील तिसरी गोष्ट सर्वांत कठीण आहे. रॉजर हार्ट या अभ्यासकाने १९९२ मध्ये युनिसेफसाठी केलेल्या मांडणीत मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी दाखवली होती. तिच्या तळच्या तीन पायऱ्यांवर मुले केवळ वापरली जातात, शोभेसाठी उभी केली जातात किंवा नावापुरती विचारली जातात, आणि या तिन्हींना हार्ट सहभाग मानतच नाहीत. सर्वांत वरच्या पायरीवर मुले स्वतः काम सुरू करतात आणि निर्णय मोठ्यांबरोबर मिळून घेतात. वर्षातून दोनदा शिक्षकांनी आपले मंडळ कोणत्या पायरीवर उभे आहे हे स्वतःलाच विचारावे. कार्यक्रमाची रूपरेषा शिक्षकांनी लिहिली, पाहुणे शिक्षकांनी ठरवले आणि मुलांनी फक्त खुर्च्या मांडल्या, तर ते मंडळ तळाशीच आहे, मग फलकावर अध्यक्ष म्हणून कोणत्याही विद्यार्थ्याचे नाव असो.

संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली स्वीकारलेल्या बालहक्क करारात मुलांना आपले मत मांडण्याचा, एकत्र येण्याचा, तसेच विश्रांती, खेळ आणि सांस्कृतिक जीवनात भाग घेण्याचा हक्क मान्य केलेला आहे. शाळेतले मंडळ ही या हक्कांची अगदी लहानशी, पण रोजच्या जगण्यातील जागा आहे असे मी मानतो.

वार, वेळ आणि थांबू न शकणारी मुले

बैठक दर आठवड्याला, एकाच वारी, एकाच खोलीत घ्यावी. पंधरवड्याने भरणारी मंडळे विस्कळीत होतात, कारण एक बैठक चुकली की महिन्याचे अंतर पडते आणि महिनाभरात सवय मोडते. वार निवडताना इतर मंडळांचे, खेळांच्या सरावाचे आणि जादा तासांचे वेळापत्रक समोर ठेवावे. ज्या मुलांना दोन गोष्टींची आवड आहे त्यांना विनाकारण एकीची निवड करायला लावू नये. परीक्षेच्या आधीचे आठवडे मंडळ बंद राहील हे वर्षाच्या सुरुवातीलाच छापून द्यावे. ठरवून घेतलेली सुट्टी मंडळाला मारत नाही, न ठरवता पडलेला खंड मारतो.

मुलांच्या एकूण दिवसाचाही हिशेब ठेवावा लागतो. तेरा ते अठरा वर्षे वयाच्या मुलांना दररोज ८ ते १० तास झोप हवी असे वैद्यकीय तज्ज्ञ सांगतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षे वयोगटाला दिवसाला सरासरी ६० मिनिटे तरी मध्यम ते जोमदार शारीरिक हालचाल आवश्यक आहे. शाळा, गृहपाठ, प्रवास आणि झोप वजा केल्यावर दिवसात फार थोडे तास उरतात. त्यामुळे एकाच मुलाने चार मंडळांत नाव घातलेले दिसले, तर त्याचे कौतुक करण्यापूर्वी त्याच्याशी शांतपणे बोलावे. दोन मंडळे, आणि त्यांपैकी एकात अंगमेहनत असेल तर उत्तम, हे प्रमाण बहुतेक मुलांना पेलते असा माझा अनुभव आहे.

आता ज्या मुलांना थांबताच येत नाही त्यांच्याविषयी. कोणाची बस शाळा सुटताच निघते, कोणाला धाकट्या भावंडांना सांभाळायचे असते, कोणाला घरच्या कामात हात लावायचा असतो. ही मुले नाव नोंदवत नाहीत, कारण विचारूनही उपयोग नाही हे त्यांना ठाऊक असते; मग मंडळ मोजक्या सुस्थित मुलांचेच होऊन बसते आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. यावर काही उपाय करता येतात. आठवड्यातील एक बैठक मधल्या सुट्टीत घेता येते. कामाचा काही भाग, उदाहरणार्थ नोंदी तपासणे, चित्रे काढणे, लेखांचे मुद्रितशोधन किंवा प्रश्न तयार करणे, घरी अथवा वर्गात मोकळ्या तासिकेला करण्याजोगा ठेवता येतो. शाळा भरण्यापूर्वीचा अर्धा तास काहींना सोयीचा पडतो. सभासदत्वाची अट ‘दर बैठकीला हजर राहणे’ अशी न ठेवता ‘हाती घेतलेले काम पूर्ण करणे’ अशी ठेवली, तर ही मुलेही पूर्ण हक्काने सभासद होऊ शकतात. माझ्या माहितीतील सर्वांत काटेकोर भित्तिपत्रक संपादक शाळा सुटल्यावर एक दिवसही थांबू शकत नव्हता.

पहिली बैठक आणि नेहमीची बैठक

पहिल्या बैठकीत निवडणूक घेऊ नये, नियमावली वाचू नये आणि लांबलचक भाषण तर मुळीच ठेवू नये. आलेल्या मुलांना पहिल्या दहा मिनिटांत कामाला लावावे. वादविवाद मंडळ असेल तर दोघादोघांच्या जोड्या करून एक सोपा विषय द्यावा आणि प्रत्येकाला एक मिनिट बोलू द्यावे. तीन मिनिटांनी बाजू उलटावी. आकाशनिरीक्षण मंडळ असेल तर कागदाचा फिरता तारकापट कापून तयार करावा. घरी जाताना मुलाच्या हातात किंवा वहीत त्या तासाची काही खूण असली पाहिजे. अध्यक्ष, सचिव वगैरे पदे चौथ्या-पाचव्या बैठकीनंतर, कोण काय मनापासून करते हे सर्वांनी पाहिल्यावर ठरवावीत. आधी पदे वाटली की ज्यांचा आवाज मोठा त्यांना ती मिळतात आणि गप्प राहून काम करणारी मुले मागच्या बाकावर जाऊन बसतात.

नेहमीच्या एका तासाची मांडणी साधी ठेवावी. पहिली पाच मिनिटे हजेरी आणि मागच्या वेळच्या कामाची उजळणी, मग चाळीसेक मिनिटे प्रत्यक्ष काम, नंतर दहा मिनिटे निर्णयांसाठी आणि शेवटची पाच मिनिटे आवराआवरीसाठी. निर्णयांची वेळ कामानंतर ठेवण्यामागे कारण आहे: ती आधी ठेवली तर सगळा तास त्यातच जातो. ठराव मांडणे, अनुमोदन, चर्चा आणि मतदान हा सभेचा क्रम मुलांना एकदा नीट शिकवावा. अमेरिकेच्या सैन्यातील अभियंता हेन्री मार्टिन रॉबर्ट यांनी सभाशास्त्राचे आपले नियम १८७६ मध्ये प्रसिद्ध केले, त्यामागे त्यांना स्वतः अध्यक्ष म्हणून एक सभा आवरता आली नव्हती हा अनुभव होता. त्यांचे सगळे नियम शाळेला लागत नाहीत. एका वेळी एकच विषय, एका वेळी एकच वक्ता, आणि ज्याने अजून मत मांडले नाही त्याला आधी संधी, एवढे पाळले तरी दहा मिनिटे पुरतात.

बुद्धिबळ मंडळाचे उदाहरण थोडे विस्ताराने देतो, कारण त्यात आखणीची चूक लगेच दिसून येते. सोळा मुले आहेत आणि स्पर्धा घ्यायची आहे. साखळी पद्धतीने प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचे ठरवले तर एकूण १२० डाव होतात आणि १५ फेऱ्या लागतात. आठवड्याला एक फेरी धरली तर चार महिने निघून जातात, आणि मधल्या काळात हरणारी मुले येईनाशी होऊन तक्ता अर्धवट राहतो. बाद पद्धतीने अवघ्या १५ डावांत विजेता ठरतो, परंतु पहिल्याच दिवशी आठ मुलांची स्पर्धा संपते, आणि ज्यांना सरावाची सर्वाधिक गरज आहे तीच मुले बाहेर पडतात. अशा वेळी स्विस पद्धत वापरावी. ही पद्धत १८९५ साली झुरिकच्या स्पर्धेत प्रथम वापरली गेली. तिच्यात कोणीही बाद होत नाही. प्रत्येक फेरीत साधारण सारखे गुण असलेल्या खेळाडूंची गाठ घातली जाते आणि तीच जोडी पुन्हा होऊ दिली जात नाही. सोळा खेळाडूंसाठी पाच फेऱ्या, म्हणजे पाच आठवडे आणि ४० डाव. तिसऱ्या फेरीपासून नवशिके नवशिक्यांशी आणि तयार खेळाडू तयार खेळाडूंशी खेळू लागतात, त्यामुळे डाव चुरशीचे होतात आणि मुले टिकतात. जोड्या लावण्याचे काम स्वतः न खेळणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याकडे द्यावे. हे काम करता करता गणितात रमलेली मुले मी पाहिली आहेत.

वादविवाद मंडळासाठी तयार चौकट घेणे शहाणपणाचे आहे. १९८८ पासून भरणाऱ्या जागतिक शालेय वादविवाद स्पर्धेत दोन्ही बाजूंचे तीन-तीन वक्ते प्रत्येकी आठ मिनिटे बोलतात, शेवटी प्रत्येक बाजूचे चार मिनिटांचे समारोपाचे भाषण होते, आणि आठ मिनिटांतील पहिले व शेवटचे मिनिट सोडून मधल्या वेळेत प्रतिपक्षाला उभे राहून मुद्दा मांडण्याची परवानगी मागता येते. एका तासात ही सगळी भाषणे बसतात, पण नवख्या मुलांना आठ मिनिटे डोंगराएवढी वाटतात. म्हणून तीन मिनिटांपासून सुरुवात करावी आणि महिन्याला एकेक मिनिट वाढवावे. आपल्या मताविरुद्धची बाजू मांडण्याची वेळ प्रत्येकावर यावी यासाठी बाजू नाणेफेकीने ठरवाव्यात. श्रोत्यांनाही काम द्यावे: प्रत्येकाने विरोधी बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा एका ओळीत लिहून द्यायचा. बोलायला घाबरणारी मुले या एका ओळीतून मंडळात रुजतात.

भित्तिपत्रकाविषयी एवढेच सांगेन की अंक निघण्याची तारीख पाळावी. अर्धा भरलेला अंक वेळेवर लावणे हे पूर्ण भरलेला अंक तीन आठवडे उशिरा लावण्यापेक्षा चांगले, कारण रिकामी जागा पाहून पुढच्या अंकासाठी मजकूर येतो, उशीर पाहून मात्र वाचकच येत नाहीत.

पदे आणि पैसा

पदे कमी असावीत. अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार ही तीन पुरेत, आणि या प्रत्येकाबरोबर खालच्या इयत्तेतील एक सहायक असावा. सचिवाने प्रत्येक बैठकीचे इतिवृत्त त्याच दिवशी लिहावे. त्यात कोण हजर होते, काय ठरले आणि ते कोण कधीपर्यंत करणार, एवढ्या तीनच गोष्टी असल्या तरी चालते.

पैशाच्या बाबतीत पहिला नियम असा की शक्य तोवर वर्गणी घेऊ नये. वर्गणी कितीही लहान असली तरी ती एखाद्या मुलाला दाराबाहेर ठेवते, आणि ते मूल कारण सांगत नाही. साहित्य शाळेकडून, जुन्या वस्तूंतून किंवा पालकांच्या देणगीतून उभे करावे. पैसा हाताळावाच लागला तर तो शाळेच्या कार्यालयात जमा असावा, प्रत्येक खर्चाची पावती वहीत चिकटवावी, खजिनदार आणि शिक्षक या दोघांच्या सह्या असाव्यात आणि महिन्याचा जमाखर्च सभासदांसमोर वाचून दाखवावा. रक्कम लहान असतानाच ही सवय लागते.

सुरक्षितता

बैठक चालू असताना एक जबाबदार प्रौढ व्यक्ती कायम उपस्थित असावी, आणि ती आजारी असेल तर बैठक रद्द करून पालकांना वेळेत कळवावे. शिक्षकांनी एकट्या विद्यार्थ्यासोबत बंद खोलीत थांबू नये. दार उघडे असावे. पालकांचे संमतीपत्र, आपत्कालीन संपर्क आणि मुलाला असलेल्या ॲलर्जी किंवा आजाराची माहिती शिक्षकांपाशी असावी, मात्र ती सभासदांच्या हाती पडू नये. मुले निघताना नावासमोर वेळ लिहावी. मोबाइलवर मंडळाचा गट केला तर त्यात शिक्षक आणि शक्यतो आणखी एक प्रौढ असावेत, आणि सूचना गटातच द्याव्यात, खासगी संदेशातून देऊ नयेत. मुलांची छायाचित्रे पालकांच्या संमतीशिवाय कोठेही प्रसिद्ध करू नयेत. आकाशनिरीक्षण मंडळाने एक नियम भिंतीवरच लिहून ठेवावा: दुर्बीण सूर्याकडे कधीही रोखायची नाही. खास सौर गाळणी पुढच्या भिंगावर बसवलेली नसताना दुर्बिणीतून सूर्य पाहिल्यास क्षणार्धात डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.

मध्यावर येणारी ओहोटी

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात निम्मी मुले येईनाशी होतात. हे जवळजवळ प्रत्येक मंडळात घडते, म्हणून त्याने खचू नये. पण दुर्लक्षही करू नये. न येणाऱ्या मुलांशी एकेकटे बोलावे, आणि ‘का आला नाहीस’ असे न विचारता ‘काय असते तर आला असतास’ असे विचारावे. उत्तरे बहुधा तीन प्रकारची मिळतात: मला करायला काही नव्हते, तिथे मोजक्या मित्रांचाच गट आहे, किंवा अभ्यास वाढला. पहिल्या उत्तरावर उपाय म्हणजे कामाची नव्याने वाटणी. दुसऱ्यावर उपाय जरा नाजूक आहे. जोड्या आणि गट दर आठवड्याला चिठ्ठ्या टाकून बदलावेत आणि नव्याने आलेल्या प्रत्येकाबरोबर एक जुना सभासद पहिल्या तीन बैठका बसेल असे ठरवावे. तिसरे उत्तर खरे मानावे आणि परत येण्याचे दार उघडे ठेवावे.

स्पर्धांचा मोहही याच सुमारास मंडळाला ओढू लागतो. स्पर्धा जरूर असाव्यात, त्यांनी तयारीला निमित्त मिळते. परंतु शाळेचा संघ निवडला गेला की सारी बैठक त्या चौघांच्या सरावासाठी वापरली जाते आणि बाकीचे प्रेक्षक होतात, हे मी वारंवार पाहिले आहे. संघाचा सराव वेगळ्या दिवशी ठेवावा. ठरलेला वार सर्वांचा आहे.

सोपवणूक

वर्षाच्या मध्यावरच पुढच्या वर्षीचे पदाधिकारी कोण असू शकतील याचा विचार सुरू करावा. वर उल्लेखलेले सहायक यासाठीच असतात. शेवटच्या दोन महिन्यांत बैठक सहायकांनी चालवावी आणि विद्यमान पदाधिकाऱ्यांनी खोलीत मागे बसावे. सुरुवातीला हे त्यांना जड जाते. ज्यांनी मंडळ उभे केले त्यांना दुसऱ्याच्या हातून होणाऱ्या चुका पाहवत नाहीत, आणि ते स्वाभाविक आहे. तरी त्यांनी विचारल्याखेरीज बोलू नये, असे त्यांच्याशी आधीच बोलून ठरवावे. ते शाळेत आहेत तोवर झालेली चूक दुरुस्त करता येते, ते गेल्यावर ती करायला कोणी नसते.

याच काळात एक सोपवणूक वही लिहून घ्यावी. ती अहवालासारखी नको. कौतुकाचे शब्द, पाहुण्यांची नावे आणि बक्षिसे इतरत्र लिहिता येतात. या वहीत उपयोगाच्या गोष्टी असाव्यात: खोलीची परवानगी कोणाकडून आणि किती दिवस आधी घ्यावी लागते, कोणता वार का बदलला, कोणत्या उपक्रमाला अपेक्षेपेक्षा दुप्पट वेळ लागला, कोणते साहित्य तुटले आहे, बुद्धिबळाच्या कोणत्या पटातील घोडा हरवला आहे, उपक्रमांच्या संकेतस्थळांवर शाळेची नोंदणी कोणत्या नावाने आहे, आणि पुन्हा कधीही करू नये असे काय केले गेले. शेवटच्या नोंदीसाठी एक पूर्ण पान राखून ठेवावे, ते नेहमी भरते. परवलीचे शब्द वहीत न लिहिता बंद लखोट्यात शिक्षकांकडे ठेवावेत, आणि नोंदणीसाठी एखाद्या विद्यार्थ्याचा खासगी ईमेल पत्ता न वापरता मंडळाचा किंवा शाळेचा पत्ता वापरावा. विद्यार्थी गेला आणि नोंदणी त्याच्यासोबत गेली, असे सहज घडते.

साहित्याची यादी जाणाऱ्या आणि येणाऱ्या सचिवांनी एकत्र बसून, प्रत्येक वस्तू हातात घेऊन तपासावी आणि खाली दोघांनी सह्या कराव्यात. शेवटच्या बैठकीत निरोपाची भाषणे आवरती घ्यावीत आणि नव्या पदाधिकाऱ्यांनी पुढील वर्षीच्या पहिल्या चार बैठकांच्या तारखा व पहिल्या बैठकीचे काम फळ्यावर लिहावे. ते सर्वांनी आपापल्या वहीत उतरवून घ्यावे, त्याची एक प्रत मुख्याध्यापकांच्या कार्यालयात द्यावी आणि कपाटाच्या दोन किल्ल्यांपैकी एक शिक्षकांकडे ठेवून दुसरी सर्वांसमोर नव्या सचिवाच्या हातात द्यावी.